पासिंगच्या आदल्या रात्री

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री, भारत सरकार यांस,



आपण नागपूरचे, त्यामुळे मराठी पत्र वाचायला आपल्याला मध्ये कुणी लागत नाही. म्हणून हे मराठीत लिहितो आहे, आणि बंद पाकिटात न घालता जाहीर लिहितो आहे.

आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर नावाचा भाग आहे. लेथ, वेल्डिंग, पॅटर्न, शेतीची अवजारे. कशाचाही तुटका तुकडा घेऊन जा, तसाच दुसरा करून देणारा कुणीतरी त्या गल्ल्यांत सापडतो. अशा गावात राहणाऱ्याला जुन्या फोर बाय फोर पिकअपवर राहण्याजोगी खोली बांधावीशी वाटली तर नवल नाही. मी ती बांधली. माझ्यासारखे आणखीही आहेत, पुण्यात, नाशकात, बेळगावात, पणजीत. कुणी नाना पेठेत जुने सुटे भाग शोधत फिरतो, कुणी तपकीर गल्लीत बारा व्होल्टचे दिवे आणि जाड तांब्याची केबल. झोपायला पलंग, हात धुवायला नळ, चहापुरती चूल आणि डांबर संपल्यावरही पुढे जाणारी चाके, एवढीच यातल्या बहुतेकांची हौस. तयार कॅराव्हॅन घेण्याची ऐपत असती तर आम्ही वेल्डरच्या दारात बसलो नसतो.

या मंडळींमध्ये एक रिवाज आहे, आणि तो आपल्या कानावर घालायचा आहे. पिकअप माल वाहन म्हणून नोंदलेली असली की पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तिचे पासिंग करावे लागते. त्याच्या आदल्या रात्री कॅम्परवाला आपला संसार उतरवतो. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी, गॅसची नळी, सगळे खाली. हौद्यात उरतो तो नुसता पत्रा. अशी रिकामी, सोज्वळ गाडी तपासायला जाते आणि पास होऊन येते. घरी आल्यावर सगळे पुन्हा चढते. मग पुढच्या पासिंगपर्यंत घाटात, नदीपात्रात, बर्फात ती ज्या अवस्थेत चालते, त्या अवस्थेत तिला एकाही जाणत्या अधिकाऱ्याने कधी पाहिलेले नसते. गाडी खासगी म्हणून नोंदलेली असेल तर पंधरा वर्षे तेवढाही त्रास नाही.

हे का होते ते आपण जाणताच. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला आणि पळवाटा बंद केल्या. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ या अटीपुढे कॅम्परवाला हात टेकतो. खिडकी एक, छतातला पंखा दोन, सौर पॅनल तीन, बाजूला उलगडणारे छप्पर चार. माझ्या गाडीचा असा हिशेब मी मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

पण त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आपल्या मंत्रालयाला एक अधिकारही दिला आहे. गाडीतले बदल, मागाहून बसवायची उपकरणे आणि त्यांना मंजुरी देण्याच्या अटी केंद्र सरकार ठरवून देऊ शकते, आणि तसा बदल केला म्हणून उत्पादकाची वॉरंटी रद्द धरता येत नाही. बदलाला वाट करून देण्याची आपल्या व्यवस्थेला सवय नाही असेही नाही. पेट्रोलच्या गाडीला सीएनजीचे किट बसवायला नियम आहे. जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर घालायला मानक आहे. दिव्यांग चालकाला गाडीत हवे ते फेरफार करून घेण्याची सोय आहे. राहण्याच्या गाडीबद्दलही कागद कोरा नाही. ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन’ हा प्रकार बिगर-परिवहन वाहनांच्या सरकारी यादीत आहे आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. अडचण एवढीच की ते मानक नमुना-मंजुरीचे आहे. कारखानदाराने एक नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यायचा आणि मग तशा गाड्या विकायच्या. आयुष्यात एकच गाडी बांधणाऱ्याने त्या दारात जाणे म्हणजे एका पोळीसाठी पिठाची गिरणी टाकणे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी. चांगलेच झाले. पण दोन्हींच्या नजरेसमोर आहे तो गाड्या भाड्याने देणारा आणि पार्क चालवणारा उद्योजक. स्वतः करवत हातात घेणारा माणूस त्यात नाही.

आता थोडे गाडीच्या खाली आणि आत येऊ. कायद्याने नेमके काय तपासायला हवे ते तिथेच कळते.

सगळ्यात आधी वजन. आरसीवर दोन आकडे असतात, रिकामे वजन आणि भरल्यावरचे कमाल वजन. या दोहोंतल्या फरकात माणसे, डिझेल, पाणी आणि अख्खी खोली बसवायची असते. घराचे स्वयंपाकघर करणारा सुतार सवयीने १८ मिलिमीटरचा प्लाय घेतो. आठ बाय चारची एक शीट तीस ते पस्तीस किलोंची. अशा सहा शीट लागल्या की दोनशे किलो झाले, आणि अजून गाडीत अंथरूणही पडलेले नाही. ९ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेऊन मागे अॅल्युमिनियमची पट्टी दिली तर वजन जवळपास निम्म्यावर येते. सांगाड्याचेही तेच. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला सुमारे दीड किलो भरतो, अॅल्युमिनियमचा अर्धा किलो. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, इथे कुणाची घासाघीस चालत नाही. घरच्या इन्व्हर्टरची २०० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी साठ किलोंच्या आसपास असते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पंचवीसच्या आत-बाहेर. महाग असते, पण कमानपाट्यांवर पस्तीस किलो कमी पडतात.

हे वजन कुठे ठेवले यावर गाडीचा स्वभाव ठरतो. पाण्याची टाकी खाली आणि दोन एक्सलच्या मध्ये हवी. ती मागच्या दाराशी टांगली की चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. डाव्या-उजव्या बाजूचाही तोल लागतो. ओटा, फ्रीज आणि बॅटरी एकाच अंगाला आली की गाडी उभ्यानेच कलते. छतावरचे वजन तर सगळ्यात घातक, आणि नेमके तेच फोटोत छान दिसते. जेरीकॅन, स्टेपनी, फावडे, पत्र्याची पेटी, वर तंबू. आंबोलीच्या वळणावर अशी गाडी वाऱ्याबरोबर डोलताना मागून पाहिली आहे. सौर पॅनल सोडून छतावर काही असूच नये, असे माझे मत आहे. डिझेलचा जेरीकॅन तर नाहीच नाही.

आमच्या जिल्ह्यात वजनकाट्यांची वाण नाही, ऊस आहे. भरलेली गाडी काट्यावर न्यायची, आधी पुढची चाके, मग मागची, मग सगळी गाडी. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात हे होते. कॅम्परबद्दल यापेक्षा मोलाची माहिती कुठलीही यंत्रणा देऊ शकत नाही, आणि आजच्या नियमांत ती मागण्याची सोयच नाही, कारण कायद्याच्या लेखी अशी स्वतः बांधलेली गाडीच अस्तित्वात नाही.

दुसरी गोष्ट चेसिसची. कच्च्या रस्त्यावरच्या कॅम्परमध्ये आणि हायवेवरच्या कॅराव्हॅनमध्ये खरा फरक आहे तो इथे, म्हणून जरा थांबून सांगतो. पिकअपची चेसिस दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे अशी असते, आणि ती पिळते. पिळण्यासाठीच ती केलेली असते. ओढ्यात उतरताना पुढचे डावे चाक दगडावर आणि मागचे उजवे दुसऱ्या दगडावर आले की चेसिसची दोन टोके वेगवेगळ्या दिशांनी तिरकी होतात. वरच्या खोलीला मात्र पिळायचे नसते, कारण चार भिंती, छत आणि जमीन यांनी ती ताठ झालेली असते. खोली सगळ्या कोपऱ्यांत चेसिसला घट्ट बोल्ट केली की हे भांडण कुठेतरी फुटते. कोपऱ्यातले रिव्हेट सैल होतात, खिडकीच्या काचेला तडा जातो, छताच्या सांध्यातून पहिल्याच पावसात पाणी येते. सगळ्यात वाईट म्हणजे चेसिसलाच बारीक भेग पडते, आणि ती मातीखाली दिसत नाही.

मर्सिडीजच्या उनिमोग ट्रकवर यावर फार पूर्वीच उत्तर काढलेले आहे. बॉडी तीन किंवा चार बिंदूंवर अशी टेकवायची की खाली चेसिस पिळली तरी वरची बॉडी सरळ राहील. उद्यमनगरात हे करता येते. पुढे दोन घट्ट आधार आणि मागे मध्यभागी एक फिरता आधार, किंवा मागच्या बोल्टांवर दाबाच्या स्प्रिंग, म्हणजे गरजेपुरती बॉडी उचलली जाते आणि परत बसते. काम किचकट नाही, पण ते मागायला माहीत असावे लागते. नाहीतर वेल्डरचा सोपा सल्ला तयार असतो, ‘चेसिसलाच मारून टाकू की, हलणार नाही.’ तो मनापासून सांगतो. त्याने आयुष्यभर ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचे पोलाद त्या जागी कमजोर होते, आणि बॅटरीच्या तारा न सोडता वेल्डिंग केले तर इंजिनचा कंट्रोलरही जाऊ शकतो. त्या वेल्डरला योग्य रेखाचित्र देणारा आणि नंतर ते तपासणारा इंजिनिअर मध्ये असायला हवा, अशी माझी मागणी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

गॅसबद्दल कमी लिहून चालणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर न जाता जमिनीला धरून साठतो, आणि कॅम्परची जमीन म्हणजे झोपायची जागा. म्हणून सिलिंडर आतून बंद, बाहेरच्या बाजूने उघडणाऱ्या कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर सोडणारे भोक हवे. युरोपात फिरत्या घरांतल्या गॅससाठी ईएन १९४९ हे वेगळे मानकच आहे. आपल्याकडे पाच किलोचा छोटा सिलिंडर ओट्याखाली, शेजारी बॅटरी, वर पडदा, असे चित्र मी एकाहून जास्त गाड्यांत पाहिले आहे. घरात स्थिर बसलेल्या शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदला असे सांगतात. गाडीत तीच नळी प्रत्येक खड्ड्यावर पत्र्याच्या कडेला घासते, तिचे आयुष्य किती धरायचे? मधला सगळा प्रवास तांब्याच्या नळीने, दर हातभर अंतरावर क्लॅम्प लावून, आणि रबर फक्त दोन्ही टोकांना. थंडीत आणखी एक गंमत होते. एलपीजीतला ब्युटेन शून्याच्या जरासा खाली गेला की वायूच होत नाही. लेहला किंवा काझाला सकाळी शेगडी रुसते ती त्यामुळे. मग लोक दारे-खिडक्या लावून तिच्याच धगीवर खोली तापवायला बघतात, आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड गाठतो. त्याला ना वास, ना रंग. त्याचा अलार्म कॅम्परच्या एकूण खर्चात कुठे दिसतही नाही. तो सक्तीचा करा, माझी अजिबात हरकत नाही.

विजेचे दुखणे वेगळे. घराच्या वायरमनला २३० व्होल्टची सवय असते. हजार वॅटच्या इस्त्रीला घरात सव्वाचार अँपिअर लागतात, म्हणून साधी वायर पुरते. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरने तेच हजार वॅट काढायचे तर नव्वदच्या पुढे अँपिअर वाहतात. त्याला ३५ चौरस मिलिमीटरची केबल, हायड्रॉलिक यंत्राने दाबलेले लग आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. तारेला पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड घरात वीस वर्षे टिकेल. दगडधोंड्यांच्या रस्त्यावर तो सैल होणार, सैल जोड तापणार आणि त्याच्यामागे प्लाय आणि फोम असणार. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज केली की कायमची बिघडते, तेव्हा हिमालयात जाणाऱ्याने तापमान पाहून चार्जिंग तोडणारा बीएमएस घ्यावा. नव्या बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज खाली आणतो, म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर लागतो. फ्रीज, दिवे, पंखे, मोबाइल यांचा रोजचा हिशेब मांडला तर शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी आणि छतावर एक-दोन पॅनल दोघांना उन्हाळ्यात पुरतात. कोकणच्या जुलैत नाही पुरत. तिथे इंजिनच चालवावे लागते.

ओलावा, दमट भिंती, बुरशी यांवर कॅम्परवाले तासन्तास बोलतात. ते त्यांचे त्यांना बोलू द्यावे, सरकारने त्यात पडू नये. ग्लासवूल वापरून पस्तावायचे असेल त्याने पस्तावावे. मात्र भिंतीत भरलेला फोम आणि पडद्याचे कापड किती वेगाने पेटते हे पाहणे सरकारचे काम आहे, आणि त्यासाठी आयएस १५०६१ हे मानक गाड्यांना आधीपासून लागू आहे.

बाहेर पडायच्या वाटेचे एकच उदाहरण देतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. ती दाराच्या बाजूवर पडली होती. पंचवीस माणसे गेली. राहत्या गाडीला बहुधा मागे एकच दार असते, चूल त्या दाराशी असते आणि पलंग आत. त्यामुळे उलट बाजूला माणूस निघेल एवढी, आतून हाताने उघडणारी दुसरी वाट हवीच. ती वाट म्हणजे एक मोठी खिडकी. आणि आज अशी खिडकी कापणे हा दंडनीय बदल आहे.

बाहेरचे लोक काय करतात ते थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये साधी व्हॅन स्वतः बदलून ‘मोटर कॅराव्हॅन’ म्हणून नोंदवायला अर्ज करता येतो. सहा फुटांचा पलंग, टेबल, पाण्याची टाकी, स्वयंपाकाची सोय अशा गोष्टी तिथे पाहिल्या जात आल्या, आणि आता बाहेरूनही ती गाडी राहण्याची दिसावी लागते. मला त्यांची ही शेवटची अट हास्यास्पद वाटते, पण अर्ज करता येतो हे महत्त्वाचे. न्यूझीलंडमध्ये एकेका बदललेल्या गाडीसाठी अधिकृत तपासनीस असतात. पसंत पडली की गाडीला छोटी पट्टी ठोकतात आणि काय बदलले ते तीवर कोरलेले असते. ऑस्ट्रेलियात बदलांची राष्ट्रीय संहिता आहे आणि तिच्याखाली मान्यताप्राप्त इंजिनिअर सही करतो. यांतला कुठलाही देश गाड्यांच्या बाबतीत ढिला म्हणून ओळखला जात नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. हरमलच्या किनाऱ्यामागे हिवाळ्यात जर्मनीच्या, फ्रान्सच्या नंबरप्लेटचे जुने ट्रक उभे असत, अधूनमधून आजही दिसतात. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूलहून तेहरान, काबूल करत लोक गोव्याला येत, तेव्हापासूनची ही परंपरा. १९७९ नंतर इराण-अफगाणिस्तानची ती वाट मोडली, पण हौस मोडली नाही. त्यांतले कितीतरी ट्रक मालकाने स्वतःच्या अंगणात बांधलेले असतात. ते कार्नेटवर, म्हणजे परदेशी गाडी तात्पुरती आणण्याच्या कागदावर, आपल्या देशात रीतसर येतात, रीतसर फिरतात. म्हणजे म्युनिकच्या सुताराने बांधलेली खोली आपल्या रस्त्यावर चालते, कोल्हापूरच्या सुताराने बांधलेली चालत नाही. फरक इतकाच की म्युनिकच्या खोलीकडे तिच्या देशात कुणीतरी वाकून पाहिलेले असते आणि कागदावर सही केलेली असते.

तेव्हा मागणी अशी. कलम ५२ खाली स्वतः बांधलेल्या, खासगी वापराच्या एकेका कॅम्परसाठी मंजुरीची पद्धत आखावी. आधी आरेखन मंजूर, मग बांधणी, मग तपासणी, मग आरसीवर नोंद. मान्यताप्राप्त इंजिनिअर नेमावेत. गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑटोमोबाइलचे प्राध्यापक आहेत, त्यांना हे काम आवडेल. गाडी पाणी, डिझेल, सामान भरून काट्यावर चढवावी आणि प्रत्येक एक्सलचे वजन उत्पादकाच्या मर्यादेत आहे का ते पाहावे. त्यात एक किलोचीही सवलत नको. खोलीचे आधार, गॅसची दाबचाचणी, बॅटरीचे फ्यूज, दुसरी वाट, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, अग्निशामक, एवढे पाहिले की पुरे. स्वयंचलित तपासणी केंद्रे आपणच उभारत आहात. ब्रेक आणि सस्पेन्शन भरल्या वजनावर तिथेच तपासता येईल.

मर्यादाही सांगून टाकतो, म्हणजे आमचेच काही मित्र रागावतील. चेसिस कापायची किंवा लांबवायची नाही. सीट वाढवायची नाही. गाडी चालू असताना मागच्या खोलीत कुणी बसायचे-झोपायचे नाही. लहान मुलांना पलंगावर झोपवून रात्रीचा प्रवास करणारे पालक मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी माझे पटलेले नाही. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर, म्हणजे बुलबारवर, आपल्या मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले, ते योग्यच होते. पादचाऱ्याच्या जिवापुढे आमच्या हौसेची काय मातब्बरी. डोळे दिपवणारे एलईडी बारही रस्त्यावर झाकलेलेच हवेत. चिखलातून गाडी ओढून काढायचे हूक मात्र या यादीत घालू नका. चेसिसला नीट बसवलेला, वजनाच्या हिशेबाचा हूक नसला की लोक दोरी हाताला येईल त्याला बांधतात, आणि ताणाखाली तुटलेला लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो.

आपल्या खात्यातून दोन आक्षेप येतील. एक, असा शिक्काही एजंटाच्या टेबलावर विकत मिळेल. मिळेलही. म्हणून सहीखाली इंजिनिअरचा क्रमांक हवा, वजनाच्या पावतीवर गाडीचा चेसिस क्रमांक हवा, आणि दोन्ही वाहन पोर्टलवर कुणालाही दिसायला हवेत. अपघात झाला तर सही करणाऱ्याला विचारता येईल. आज विचारायला कुणीच नाही. दुसरा आक्षेप असा की कॅम्परच्या नावाखाली लोक प्रवासी वाहतूक करतील. ज्याला वडाप करायचे आहे तो ओटा, टाकी आणि पलंग बसवून निम्मी जागा घालवत नाही. त्याला रिकामा हौदाच परवडतो.

विम्याचेही पाहावे. नोंद नसलेल्या बदलाच्या गाडीला अपघात झाला की विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळते, आणि ज्याला धडक बसली त्या तिऱ्हाइतालाही भरपाईसाठी खेटे घालावे लागू शकतात. आरसीवरची एक ओळ हा वाद मिटवते.

वर्षाला अशा किती गाड्या येतील? फार नाहीत, हे मान्य. मंत्रालयाच्या मोठ्या कामांपुढे हे किरकोळ आहे. किरकोळ असल्यामुळेच ते लवकर होण्यासारखे आहे. कायदा बदलावा लागत नाही, नवे कार्यालय लागत नाही, तिजोरीवर भार पडत नाही. तपासणीचे शुल्क आम्ही भरू. मसुदा राजपत्रात काढून हरकती मागवा. कॅम्पर बांधणारे, वेल्डर, प्राध्यापक, आरटीओतले निरीक्षक, सगळे लिहितील, आणि निरीक्षकांचे आधी वाचा, कारण रस्त्याच्या कडेला अशी गाडी थांबवल्यावर काय करायचे हा प्रश्न त्यांनाही पडलेला असतो.

या वर्षात मसुदा निघावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
उद्यमनगरातला एक कॅम्परवाला, कोल्हापूर